ड्रोनला कोणता फिल्टर लावायचा हे उन्हापेक्षा उंची आणि वेग ठरवतात

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे आहे हे इतर वाचकांनाही कळेल. तुम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलजवळ शेतीचे आणि लग्नसमारंभांचे चित्रीकरण करता. तुमचा ड्रोन अडीचशे ग्रॅमच्या आतला आहे आणि त्याचे अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, एफ १.७ असे कायमचे ठरलेले आहे. दुपारच्या उन्हात उसावरून घेतलेला व्हिडिओ झटके खात पुढे सरकल्यासारखा दिसतो आणि उसाचा हिरवा रंगही फिका येतो, अशी तुमची तक्रार आहे. दुकानदाराने सहा फिल्टरांचा संच सुचवला आहे. त्यातला कोणता कायम लावून ठेवावा आणि फोटोलाही तोच चालेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

या प्रश्नात दोन वेगळ्या अडचणी एकत्र झाल्या आहेत. झटक्यांचा संबंध शटर स्पीडशी, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी शटर किती वेळ उघडे राहते याच्याशी आहे आणि त्यावर एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी काळसर काच, हा उपाय आहे. फिक्या रंगाचा संबंध पानांवरची चमक, एक्स्पोजर आणि सूर्याची उंची या तिन्हींशी आहे. पोलरायझर, म्हणजे परावर्तित चमक कापणारा फिल्टर, त्यातला एक भागच सुधारू शकतो. कायम लावून ठेवावा असा फिल्टर यांत एकही नाही. आणि एनडी लावण्याची गरज किती आहे, हे ऊन किती कडक आहे यापेक्षा तुम्ही पिकापासून किती वर आहात आणि किती वेगाने उडत आहात यावर जास्त अवलंबून असते. फिल्टरांच्या खोक्यावर ऊन, ढग आणि संध्याकाळ यांची चित्रे छापलेली असतात, उंचीचे चित्र मात्र नसते, म्हणून हा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

फिल्टरवर पैसे घालण्यापूर्वी एक गोष्ट तपासून घ्या. तुम्ही ३० फ्रेमवर चित्रीकरण करून संपादनात २५ फ्रेमची टाइमलाइन ठेवत असाल, तर सॉफ्टवेअर दर सेकंदाला पाच फ्रेम गाळते आणि झटके तिथेच तयार होतात. ते झटके कोणताही फिल्टर घालवू शकत नाही. त्याचप्रमाणे जुन्या फोनवर किंवा कमी ताकदीच्या संगणकावर फोरके फाइल अडखळत चालते; तो दोष चित्रीकरणाचा नव्हे, यंत्राचा असतो. त्यामुळे मूळ फाइल एखाद्या चांगल्या संगणकावर, चित्रीकरणाच्याच फ्रेम रेटवर पाहा, आणि झटके तरीही राहिले तर पुढचे वाचा.

चित्रपटांच्या काळापासून चालत आलेला संकेत असा आहे की शटर स्पीड फ्रेम रेटच्या दुप्पट असावा: २५ फ्रेमला १/५०, ३० फ्रेमला १/६०, ५० फ्रेमला १/१००. इतका वेळ शटर उघडे राहिले की हलणारी वस्तू प्रत्येक फ्रेममध्ये किंचित पुसट उमटते आणि डोळ्याला एक फ्रेम पुढच्या फ्रेमशी जोडलेली भासते. शटर फार वेगवान असेल तर प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, धारदार फोटोसारखी होते आणि एकातून दुसऱ्यात जाताना उडी दिसते. तुम्ही ज्याला झटके म्हणता ती बहुधा हीच उडी असावी.

आता तुमच्या ड्रोनवर दुपारी काय घडते ते पाहू. छायाचित्रणातला जुना ठोकताळा सांगतो की स्वच्छ उन्हात एफ १६ आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० असेल तर शटर साधारण १/१०० लागते. एफ १.७ हे छिद्र त्या मानाने जवळजवळ नव्वदपट प्रकाश आत घेते, त्यामुळे शटर १/८००० च्याही पुढे, साधारण १/९००० पर्यंत जाते. हवे होते १/५०. म्हणजे सुमारे १८० पट प्रकाश अडवायला हवा. एनडीवर लिहिलेला आकडा म्हणजे तो प्रकाश किती पटीने कमी करतो हेच असल्याने तुमचे उत्तर एनडी १२८ आणि एनडी २५६ यांच्या मध्ये कुठेतरी पडते. तुमच्या ओळखीतल्या कुणाचा ड्रोन एफ २.८ चा असेल तर त्याला त्याच उन्हात १/३२०० च्या आसपास शटर मिळते आणि त्याचे काम एनडी ६४ वर भागते. एकाच फडावर, एकाच वेळी उडणाऱ्या दोन ड्रोनना म्हणूनच वेगवेगळे फिल्टर लागतात, आणि दुसऱ्याने सांगितलेला आकडा तसाच उचलू नये असे मी नेहमी सांगतो.

हा हिशेब दरवेळी मनात करण्याची गरज नाही. आयएसओ १०० वर पक्का करा, शटर ऑटोवर ठेवा, फिल्टर न लावता ड्रोन वर न्या आणि जे दृश्य घ्यायचे आहे तेच फ्रेममध्ये धरा. रिमोटच्या पडद्यावर शटर दिसेल, समजा १/१६००. त्यातल्या १६०० ला ५० ने भागा. उत्तर ३२ आले, म्हणजे एनडी ३२. मग उतरवा, फिल्टर लावा, शटर हाताने १/५० वर आणा आणि हिस्टोग्रॅम (चित्रातला उजेड-अंधार दाखवणारा आलेख) बघून आयएसओ थोडाफार हलवा. शटरचे हे वाचन जमिनीवरून न घेता वरून आणि प्रत्यक्ष चौकटीवरून घ्यावे, कारण गडद हिरवा ऊस आणि नुकतीच तोडणी झालेल्या फडातले वाळके, पांढरट पाचट यांच्या वाचनात चांगलाच फरक पडतो. फिल्टर लावल्यावर आयएसओ ऑटोवर सोडू नका. एनडी गरजेपेक्षा गडद झाला की कॅमेरा गुपचूप आयएसओ चढवतो आणि सावल्यांमध्ये दाणे येतात. काही ड्रोनमध्ये लॉग प्रोफाइल (संपादनात रंग सुधारण्यासाठीची फिकी चित्रशैली) निवडल्यावर किमान आयएसओच वर सरकतो. तिथे वाचनही त्याच आयएसओवर घ्यावे लागते.

हे झाले प्रकाशाचे. आता उंचीकडे येतो, कारण तुमच्या कामात खरा निर्णय तिथे आहे. ड्रोनच्या नेहमीच्या रुंद लेन्समधून, कॅमेरा सरळ खाली केल्यावर, १०० मीटरवरून साधारण १५० मीटर रुंदीची जमीन दिसते. फोरके चित्राची रुंदी ३८४० पिक्सेल असते, म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला जवळपास चार सेंटिमीटर जमीन येते. ड्रोन सेकंदाला पाच मीटर या वेगाने जात असेल तर १/५० सेकंदात तो दहा सेंटिमीटर सरकतो आणि चित्रातला पुसटपणा अडीच पिक्सेलच्या आसपास भरतो. तो कुणाच्याही डोळ्याला जाणवणार नाही. एवढ्या उंचीवरून संथपणे घेतलेल्या दृश्यात तुम्ही एनडी लावला काय आणि न लावला काय, हालचालीत फरक दिसत नाही.

तोच ड्रोन त्याच वेगाने उसाच्या शेंड्यांवरून पाच मीटरवर आणा. आता चौकटीत जेमतेम साडेसात मीटर रुंदीचा पट्टा मावतो, एका पिक्सेलला दोन मिलिमीटर येतात आणि १/५० सेकंदातली तीच दहा सेंटिमीटर हालचाल सुमारे ५० पिक्सेल होते. इथे शटर १/५० असेल तर सऱ्या आणि पाती एकसलग वाहत जातात. शटर १/८००० असेल तर प्रत्येक पाते सुईसारखे टोकदार उमटते, एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत शंभर पिक्सेलची उडी मारते आणि सगळा फड थरथरल्यासारखा वाटतो. ऊस हे पीक या बाबतीत फार कठीण आहे. हजारो बारीक, समांतर, चमकदार पाती एकाच वेळी चौकटीतून सरकतात, त्यामुळे भुईमुगाच्या किंवा नांगरटीच्या रानावर खपून जाणारा दोष उसावर लगेच उघडा पडतो. तुरे आलेल्या फडावरून सकाळच्या तिरप्या उन्हात उडताना तर योग्य एनडीशिवाय चित्रीकरण सुरूच करू नये, असे माझे मत आहे.

पुढे जाण्याऐवजी ड्रोन जागच्या जागी वळवत असाल तर मात्र उंचीचा फायदा मिळत नाही. वळण्याची हालचाल कोनात होते, त्यामुळे दृश्य दहा मीटरवर असो वा हजार मीटरवर, चौकटीत ते सारखेच सरकते. सेकंदाला २० अंश या गतीने वळलात तर दर फ्रेमला चित्र जवळजवळ ४० पिक्सेल सरकते. पन्हाळ्याच्या दिशेने क्षितिज फिरवून दाखवणाऱ्या अनेक व्हिडिओंत डोंगर टप्प्याटप्प्याने उड्या मारतात, ते याच कारणाने. तिथे एनडी मदत करतो, पण वळण्याची गती कमी करणे हा त्याहून मोठा उपाय आहे. रिमोटच्या सेटिंगमध्ये वळण्याचा कमाल वेग कमी करून ठेवा; सेकंदाला आठ-दहा अंशांच्या पुढे मी सहसा जात नाही.

१/५० हा आकडा पाळलाच पाहिजे असेही नाही. दुपारी तुमच्याकडे एनडी ६४ च असेल तर शटर १/१४० च्या आसपास येईल आणि दहा-पंधरा मीटरवरून, मध्यम वेगात, बघणाऱ्याला काहीही खटकणार नाही. १/१०० आणि १/५० यांतला फरक शोधावा लागतो, १/८००० आणि १/१०० यांतला फरक मात्र लगेच दिसतो. त्यामुळे प्रत्येक आकड्याचा एनडी जवळ बाळगण्याची धडपड मला अनाठायी वाटते. अ‍ॅपर्चर बदलता येणारा ड्रोन असेल तर त्याचे छिद्र एफ २.८ वरून एफ ५.६ पर्यंत लहान करून दोन स्टॉप सहज मिळतात (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). त्याच्याही बरेच पुढे, एफ ११ कडे गेल्यास चित्राची धार कमी होऊ लागते. तुमच्या ड्रोनमध्ये ती सोयच नाही, म्हणून एनडीवरचे अवलंबित्व तुम्हाला जास्त आहे.

आता फिक्या हिरव्याबद्दल. एनडीमुळे रंग गडद होतो असे दुकानात सांगितले जाते, ते मूलतः खरे नाही. चांगला एनडी सगळे रंग सारखेच कमी करतो. तुमच्या बाबतीत मात्र एक अपवाद संभवतो. अनेक ड्रोनमध्ये शटरची कमाल मर्यादा १/८००० असते, आणि वर पाहिले तसे एफ १.७ ला भर दुपारी त्याहूनही वेगवान शटर लागते. कॅमेऱ्याला प्रकाश आणखी कमी करायला वावच उरत नाही आणि चित्र थोडे ओव्हर एक्स्पोज, म्हणजे गरजेपेक्षा उजळ होते. अशा वेळी एनडी लावताच रंग परतल्यासारखे वाटतात, पण ते श्रेय एक्स्पोजर ताळ्यावर आल्याचे असते. म्हणून फिकटपणा आलेल्या एखाद्या क्लिपचे शटर पाहा. ते शेवटच्या टोकाला अडकलेले असेल तर निदान झाले.

ते तसे नसेल तर दोष पानांवरच्या चमकेचा आहे. उसाचे पाते गुळगुळीत असते आणि आकाशाचा पांढरा प्रकाश त्यावरून परावर्तित होऊन खालचा हिरवा झाकतो. पोलरायझर या चमकेचा बराच भाग कापतो, पण त्याच्या अटी आहेत आणि त्या ड्रोनवर जास्त जाचक होतात. पाण्याच्या पृष्ठभागावर हा परिणाम सर्वांत जास्त मिळतो तो कॅमेरा क्षितिजापासून साधारण ३७ अंश खाली झुकलेला असताना. ३० ते ४५ अंशांच्या दरम्यान काम चांगले होते. कॅमेरा सरळ खाली केला की परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. पानांचे पृष्ठभाग सगळ्या दिशांना वळलेले असल्याने तिथे इतकी काटेकोर अट नसते, तरी सूर्य डोक्यावर आणि कॅमेरा तळाकडे या जोडीत पोलरायझरकडून फार अपेक्षा ठेवू नये. आकाशाचा निळा गडद करायचा असेल तर सूर्य तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला, म्हणजे काटकोनात हवा.

दुसरी अडचण अशी की पोलरायझर हाताने फिरवून जुळवावा लागतो आणि ड्रोन वर गेल्यावर तो फिरवता येत नाही. मी ज्या दिशेला चित्रीकरण करायचे आहे त्याच दिशेला तोंड करून ड्रोन जमिनीवर ठेवतो, कॅमेरा ठरलेल्या कोनात झुकवतो आणि रिमोटच्या पडद्यावर पाहत फिल्टरची कडी सावकाश, गिंबलवर (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेवर) जोर न देता फिरवतो. समोर पाण्याचे डबके असेल तर फार सोपे जाते: एका क्षणी त्यातले आकाश विझते आणि तळाचा चिखल दिसू लागतो, तीच जागा. त्यानंतर वर जाऊन तीच दिशा धरून सरळ उडायचे. रंकाळा तलावावर सकाळी आठ-साडेआठला, सूर्य पूर्वेला असताना, उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड करून घेतलेल्या दृश्यात पाण्याचा खरा रंग उतरतो. त्याच वेळी ड्रोन पूर्ण गोल फिरवला तर आकाश एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिके असे बदलत जाते आणि तो डाग संपादनात काढणे अतिशय कष्टाचे होते. म्हणून गोलाकार फेऱ्या, पॅनोरमा आणि रुंद आकाशाची दृश्ये यांसाठी पोलरायझर काढून ठेवावा. मावळतीचे सोनेरी प्रतिबिंब हवे असेल तेव्हाही तो नको, कारण तो नेमके प्रतिबिंबच पुसतो. तो लावल्याने दीड ते दोन स्टॉप प्रकाशही जातो, तो एनडीच्या हिशेबात धरावा.

याउपर स्पष्टच सांगायचे तर उसाचा हिरवा रंग चांगला हवा असेल तर वेळ बदलणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर ऊन तिरपे असते, पाने पाठीमागून उजळतात आणि सऱ्यांना सावली येते. ग्राहक दुपारचीच वेळ देतो हे मला ठाऊक आहे. पण शेतीच्या कामात सकाळची वेळ मागून घेणे शक्य असते आणि ती मागावी.

फोटोसाठी एनडी काढून ठेवा. स्थिर चित्रात धार हवी असते आणि वेगवान शटर ती देतो. जमिनीचा नकाशा तयार करण्यासाठी किंवा पिकाच्या पाहणीसाठी एकावर एक येणारे फोटो घेत असाल तर एनडी लावणे सरळ नुकसानीचे ठरते. अपवाद एकच, वाहत्या पाण्याचा. पावसाळ्याच्या शेवटी राधानगरीकडचे धबधबे मऊ, रेशमी दिसावेत असे वाटत असेल तर वारा पडलेला असताना अर्ध्या ते एक सेकंदाचे शटर मिळेल एवढा एनडी लावून, एका जागी स्थिर राहून, बरेच फोटो घ्यावेत आणि त्यांतला धारदार निवडावा. तो परिसर अभयारण्याचा असल्याने वनविभागाची परवानगी आधी घ्यावी.

लग्नाच्या कामाबाबत तुम्ही स्वतंत्रपणे विचारलेले नाही, पण तिथे दोन गोष्टी उपयोगी पडतील. सूर्य मावळला की फिल्टर काढा. काचेचा एकेक जादा थर दिव्यांची उलटी, फिकी प्रतिबिंबे चित्रात आणतो आणि मंडपाच्या रोषणाईत ती ठळक दिसतात. दुसरे म्हणजे आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. २५ फ्रेम आणि १/५० किंवा १/१०० ठेवले तर पट्टे येत नाहीत, ३० फ्रेम आणि १/६० ला ते येण्याची शक्यता असते. एवढ्याच कारणासाठी मी सगळे काम २५ किंवा ५० फ्रेमवर ठेवतो.

हाताळणीबद्दल थोडे. तुमच्या वर्गातल्या काही ड्रोनमध्ये मूळची संरक्षक काच फिरवून काढायची आणि तिच्या जागी फिल्टर बसवायचा असतो, तर काहींमध्ये फिल्टर वरून अडकवायचा असतो. वरून अडकवायचा असेल तर फिल्टर लावून ड्रोन बॅटरीसह एकदा वजनकाट्यावर ठेवा, कारण २०२१ च्या ड्रोन नियमांत नॅनो वर्गाची मर्यादा २५० ग्रॅम आहे. फिल्टर नेहमी ड्रोन बंद असताना, गिंबल बोटांनी हलकेच धरून बसवावा, आणि गिंबल जड झाल्याची सूचना आली तर तो फिल्टर वापरू नये. दोन काचा एकमेकींवर फिरवून गडदपणा बदलणारे एनडी ड्रोनसाठी मला पसंत नाहीत. ते जड असतात आणि रुंद लेन्सवर गडद टोकाला चित्रात फुलीसारखा डाग आणतात. जोतिबाच्या यात्रेतला गुलाल आणि गुऱ्हाळाचा धूर हे आपल्या भागातले काचेचे मोठे शत्रू आहेत. गुलालाचा कण कोरडा पुसला तर काचेवर ओरखडा उठतो, म्हणून आधी हवेचा फुगा, मग स्वच्छ मायक्रोफायबर. गुळाच्या काहिलीच्या वाफेतून ड्रोन नेला असेल तर काचेवर चिकट थर बसतो. तो लेन्सच्या द्रावणानेच निघतो, शर्टाच्या टोकाने आणखी पसरतो.

खरेदीचे उत्तर असे. सहा फिल्टरांच्या संचापेक्षा एनडी १६, एनडी ६४ आणि एनडी २५६ हे तीन घ्या आणि सकाळ-संध्याकाळच्या शेतीच्या कामासाठी एक साधा पोलरायझर घ्या. ढगाळ हवेत आणि सकाळी पहिला, नऊ-दहाच्या व चारनंतरच्या उन्हात दुसरा, भर दुपारी खाली उडताना तिसरा चालेल. २५६ किंचित गडद पडला तर आयएसओ १५० ते २०० करा. घेण्यापूर्वी दुकानाच्या दारात, उन्हातल्या पांढऱ्या भिंतीसमोर ड्रोन ठेवा, व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीचे सेटिंग) ५६०० वर पक्का करा आणि फिल्टरसह व फिल्टरशिवाय एकेक फोटो घ्या. भिंत हिरवट किंवा गुलाबी झाली तर तो फिल्टर परत द्या. आयएसओ १०० वर शटरचे दोन्ही आकडेही लिहून घ्या: फिल्टरशिवाय १/३२०० आणि फिल्टर लावून १/२०० आले तर तो खरोखर १६ पट प्रकाश अडवतो. स्वस्त फिल्टरांत छापलेला आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा जुळत नाही असे बऱ्याचदा आढळते. तसे असेल तर फिल्टरच्या डबीवर तुमचा मोजलेला आकडा लिहून ठेवा आणि पुढचे सगळे भागाकार त्यावरून करा.

कागल कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून फार लांब नाही, त्यामुळे प्रत्येक नव्या जागी उड्डाणापूर्वी सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळाच्या नकाशावर तिथला विभाग आणि उंचीची मर्यादा पाहून घ्या. झटके येणाऱ्या एका क्लिपचे शटर, फ्रेम रेट, उंची आणि अंदाजे वेग एवढी माहिती कळवलीत तर दोष शटरचा आहे की टाइमलाइनचा, हे मी नक्की सांगू शकेन.